हरताळ

एखाद्यानें दिलेलें वचन मोडलें, म्हणजे त्यानें आपल्या शब्दाला हरताळ फासला, असें मराठींत म्हणतात. दुकानें बंद ठेवून पाळावयाचा हरताळ हा शब्द निराळा. त्याचें मूळ बाजार या अर्थाच्या 'हट्ट' शब्दांत आहे. फासावयाचा हरताळ हा जमिनींतून निघणारा एक पिवळा खनिज पदार्थ होय. पूर्वीं पोथी लिहितांना अक्षर चुकलें, तर लेखनिक हरताळाची पूड डिंकाच्या पाण्यांत खलून ती त्या अक्षरावर फासत असे, आणि लेप सुकल्यावर त्यावरच शुद्ध अक्षर लिहीत असे. पोथीला कसर लागूं नये म्हणून कांहीं ठिकाणीं सबंध कागदासहि हरताळ लावीत. लेखनाची ती रीत गेली. वाक्संप्रदाय मात्र राहिला.

हरताळाचें संस्कृत नांव हरिताल. तो आर्सेनिक व गंधक यांचा संयोग असून, त्याच्या १०० भाग वजनांत सुमारें ६१ भाग आर्सेनिक आणि ३९ भाग गंधक असतो. त्याचा रंग लिंबासारखा किंवा सोन्यासारखा पिवळा असतो. तो पाण्याच्या साडेतीनपट जड, परंतु इतका मऊ असतो कीं नखानेंहि त्यावर ओरखडा उठतो. अभ्रकाप्रमाणें त्याचे पापुद्रे निघतात. मात्र ते वांकविले असतां अभ्रकासारखे पुन्हां सरळ होत नाहींत. रसशास्त्राच्या ग्रंथांत पत्रहरताळ व पिंडहरताळ असे दोन भेद सांगून पापुद्र्यांचा पत्रहरताळ श्रेष्ठ मानला आहे.

नारिंगी-तांबड्या रंगाची मनशीळ ही त्याची सख्खी बहीण. तिच्यांत आर्सेनिकाचें प्रमाण शेंकडा ७० असतें. उजेडांत ठेवल्यास तिची हळूहळू पिवळी भुकटी होते. ही भुकटी म्हणजे हरताळच, असा समज फार दिवस होता. ती वेगळेंच खनिज असल्याचें १९८० मध्यें सिद्ध झालें.

भूगर्भांतील उष्ण पाणी खडकांच्या भेगांतून वर येऊन निवूं लागलें, म्हणजे त्यांत विरघळलेलीं द्रव्यें तेथें सांठतात. अशा भेगांत, उन्हाळ्यांच्या झऱ्यांपाशीं व ज्वालामुखीच्या वाफांच्या मुखांशीं हरताळ आणि मनशीळ बहुधा जोडीनें आढळतात. पेरू, जॉर्जिया, चीनमधील हूनान प्रांत आणि अमेरिकेंतील नेव्हाडा येथें तीं सांपडतात. हल्लीं पाकिस्तानांत असलेल्या चित्रळच्या डोंगरांतहि हरताळाच्या खाणी होत्या. महाराष्ट्राच्या काळ्या पत्थरांत त्याच्या खाणी नाहींत. येथील लेखनिकांचा हरताळ बाजारांतूनच येत असे.

लॅटिन भाषेंतील त्याच्या नांवाचा अर्थ 'सोनेरी रंग' असा आहे. इ. स. ३७ ते ४१ या काळांत राज्य करणाऱ्या कॅलिग्युला या रोमन बादशहानें सोन्याच्या लोभानें पुष्कळ हरताळ आटविला. सोनें उत्तम निघालें, पण इतकें थोडें कीं व्यवहारांत खोटच आली, असें प्लिनीनें नमूद केलें आहे. तथापि त्याचा तर्क अगदींच निराधार नव्हता. नेव्हाडांतील कांहीं खाणींत हरताळ व मनशीळ यांच्या सोबतीला डोळ्यांस न दिसणारें सोनें खरोखरच असतें.

या सोनेरी रंगामागें विष दडलेलें आहे. आशिया मायनरमधील मनशिळेच्या एका खाणीचें वर्णन स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकारानें केलें आहे. तेथें गुन्ह्यांबद्दल विकले गेलेले गुलाम राबत, आणि खाणींतील विषारी हवेनें ते लौकरच मरत. हरताळ उघड्यावर तापविला असतां लसणीसारखा वास येऊन पांढरा धूर निघतो. हा धूर म्हणजेच सोमल. नुसत्या हवेनें व उजेडानेंहि, फार सावकाश कां होईना, हरताळापासून सोमल तयार होतो.

म्हणून घरांत जुनी हस्तलिखित पोथी असेल आणि तिच्यांत पिवळे लेप किंवा पिवळीं पानें दिसतील, तर जिभेला बोट लावून तीं उलटूं नयेत. पोथी हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत, व ती मुलांच्या हातीं देऊं नये. जीर्ण झाली म्हणून ती जाळूं नये, कारण धुरांतून सोमल पसरेल. नदींतहि सोडूं नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरासारख्या, हस्तलिखितें जतन करणाऱ्या संस्थेचा सल्ला घ्यावा. तसें केल्यानें लेखनिकाचे श्रम टिकतील आणि घरच्या माणसांसहि अपाय होणार नाहीं.