मुलींचे करिअर मार्गदर्शन आणि परिणामाचा हिशेब

मुलींसाठीच्या करिअर मार्गदर्शन कार्यक्रमाचे मूल्यमापन एका प्रश्नाभोवती फिरते: हा कार्यक्रम झालाच नसता, तर याच मुली आज कुठे असत्या? किती शाळा घेतल्या, किती सत्रे झाली, किती मार्गदर्शक ताई नेमल्या, किती प्रमाणपत्रे वाटली, हे आकडे संस्थांच्या वार्षिक अहवालात ठळक छापले जातात. ते खोटे नसतात. पण त्यांतून काम किती झाले एवढेच कळते. त्या कामाने कोणाच्या आयुष्यात काय बदलले, ते कळत नाही.

‘करिअर मार्गदर्शन’ या एकाच नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी येतात. कुठे एखादी अभियंता किंवा पोलीस अधिकारी वर्गात येऊन तासभर बोलते. कुठे प्रत्येक मुलीला एक ताई नेमून दिलेली असते आणि ती वर्ष-दोन वर्षे तिला नियमित भेटते. कुठे कलचाचणी, प्रयोगशाळेची भेट, पालकांची बैठक आणि प्रवेशअर्ज भरायला मदत असे सगळे एकत्र असते. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये सुरू केलेला, नववी ते बारावीच्या मुलींसाठीचा ‘विज्ञान ज्योती’ हा उपक्रम या शेवटच्या प्रकारात मोडतो. तासाभराच्या व्याख्यानाकडून आणि दोन वर्षांच्या सोबतीकडून एकाच परिणामाची अपेक्षा धरणे हीच पुष्कळ मूल्यमापनांची पहिली चूक असते.

दुसरी चूक तुलनेची. कार्यक्रमात आलेल्या मुली आणि न आलेल्या मुली यांची सरळ तुलना केली, तर आलेल्या मुली जवळजवळ नेहमीच पुढे दिसतात. त्या पुढे दिसणारच. कारण नाव नोंदवायला येणारी मुलगी आधीच अभ्यासात बरी असते, तिच्या घरून परवानगी मिळालेली असते, बहुधा एखाद्या शिक्षिकेने तिला हेरलेले असते. आधीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहणेही तितकेच फसवे. आयआयटींमध्ये मुलींसाठी २०१८ पासून अतिरिक्त जागा निर्माण करण्यात आल्या आणि प्रवेशांमधील त्यांचे प्रमाण २०१६ च्या सुमारे ८ टक्क्यांवरून २०२० पर्यंत २० टक्क्यांवर गेले. त्याच काळात मुलींना जेईईकडे वळवणारा कोणताही कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेला आपला आलेख उंचावलेला दिसला असता. महाराष्ट्रात २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले. त्यानंतर वाढलेल्या प्रवेशांचे श्रेय मार्गदर्शनाचे किती आणि माफीचे किती, हे केवळ आधी-नंतरच्या आकड्यांतून कोणालाही सांगता येणार नाही.

यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकणे. जागा शंभर आणि अर्ज तीनशे आले, तर सोडत काढायची. ज्यांचे नाव निघाले त्या कार्यक्रमात, बाकीच्या तुलनागटात. दोन्ही गटांत हुशारी, घरची परिस्थिती, हौस हे सगळे सरासरीने सारखेच वाटले जाते, म्हणून पुढे दिसणारा फरक कार्यक्रमाचाच मानता येतो. काहींना मुद्दाम वगळणे अन्यायाचे आहे, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. परंतु जागा सर्वांना पुरणार नसतील, तर म्हाडाच्या घरांसाठी किंवा आरटीईच्या प्रवेशांसाठी लोक जी पद्धत न्याय्य मानतात तीच इथेही न्याय्य ठरते. ओळखीपाळखीने होणाऱ्या निवडीपेक्षा तर निश्चितच. शिवाय उरलेल्या मुलींना पुढच्या वर्षी प्रवेश देता येतो आणि तोवर तुलना हाती लागलेली असते.

अशा सोडतीतून झालेला एक मोठा अभ्यास फ्रान्समधला आहे. लोरेआल फाउंडेशनच्या कार्यक्रमात विज्ञान क्षेत्रात काम करणाऱ्या ५६ स्त्रियांनी २०१५-१६ मध्ये पॅरिस परिसरातील शंभरेक शाळांच्या वर्गांत तासभराच्या भेटी दिल्या. कोणत्या वर्गात भेट होणार हे सोडतीने ठरले होते आणि अभ्यासात सुमारे वीस हजार विद्यार्थी होते. तिथल्या दहावीच्या मुलींच्या पुढील निवडीत फरक पडला नाही. बारावीच्या विज्ञान शाखेतील मुलींमध्ये मात्र, अभियांत्रिकीच्या प्रतिष्ठित संस्थांच्या प्रवेशपरीक्षांची तयारी करून घेणाऱ्या निवडक वर्गांत जाणाऱ्यांचे प्रमाण ११ टक्क्यांवरून सुमारे १४.५ टक्क्यांवर गेले. एका तासाच्या मानाने ही वाढ थक्क करणारी आहे. मात्र ती सगळीकडे सारखी नव्हती: ती मुख्यतः गणितात आधीच पुढे असलेल्या मुलींमध्ये दिसली. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलीला एका तासाने आत नेले. दूर असलेल्या मुलीला तो पुरला नाही.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट हाती लागली, आणि व्याख्याने ठरवणाऱ्या प्रत्येकाने ती जपून ठेवण्यासारखी आहे. ज्या वक्त्यांनी आपले काम, त्यातली मजा आणि नोकरीचे स्वरूप नीट उलगडून सांगितले, त्यांचा परिणाम अधिक झाला. विज्ञानात स्त्रिया किती कमी आहेत यावरच ज्यांचा भर राहिला, त्यांचा कमी. चांगल्या हेतूने केलेले भाषणही मुलीच्या मनात ‘हे आपले ठिकाण नव्हे’ ही शंका पक्की करू शकते. सरासरी परिणामाचा एकच आकडा काढून थांबले असते, तर हे निसटले असते.

कार्यक्रम संपताना भरून घेतलेल्या अभिप्रायांवर फार विसंबणे किती धोक्याचे, याचे उदाहरण मुलींचे नसून मुलांचे आहे, आणि जुने आहे. अमेरिकेत बोस्टनजवळ केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ ते १९४५ या काळात ५०६ मुलांच्या सारख्या-सारख्या जोड्या लावण्यात आल्या आणि नाणेफेक करून प्रत्येक जोडीतल्या एका मुलाला समुपदेशक देण्यात आला. हे समुपदेशक घरी जात, अभ्यासाकडे लक्ष देत, उन्हाळी शिबिरांना पाठवत. तीस वर्षांनी गुन्हेशास्त्रज्ञ जोन मकॉर्ड यांनी ती माणसे पुन्हा शोधून काढली. उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांनी त्या मदतीचा आपल्याला फायदा झाल्याचे सांगितले. प्रत्यक्षात पुन्हा गुन्हा करणे, दारूचे व्यसन, आजारपण, लवकर मृत्यू अशा कित्येक बाबतींत मदत मिळालेला गटच मागे होता. कृतज्ञता आणि परिणाम या दोन गोष्टी परस्परविरुद्ध दिशांना जाऊ शकतात, हे १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी दाखवले.

सोबतीच्या मुदतीचाही असाच प्रश्न आहे. अमेरिकेतील ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ कार्यक्रमातील सुमारे साडेनऊशे मुलामुलींच्या माहितीचे २००२ मध्ये पुन्हा विश्लेषण झाले. ज्यांची मार्गदर्शकाबरोबरची जोडी वर्षभर किंवा अधिक टिकली त्यांना सर्वाधिक लाभ झाला. ज्यांची तीन महिन्यांच्या आत तुटली त्यांचा स्वतःविषयीचा आदर उलट घटला. आधीच लोक सोडून जाण्याची सवय असलेल्या मुलीला आणखी एक ताई सोडून गेली, असाच त्याचा अर्थ. म्हणून मूल्यमापनात जोडी किती दिवस टिकली आणि का तुटली याची नोंद असलीच पाहिजे. बहुतेक कंपन्यांच्या सीएसआर निधीचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि स्वयंसेवक बदलतात, हे लक्षात घेतले तर ही नोंद कारकुनी राहत नाही.

आता प्रश्न उरतो, नेमके काय मोजायचे. फ्रान्सचे माप भारतात जसेच्या तसे लागू होत नाही. तिथे मुलीने विज्ञानाची अवघड वाट निवडली का, हा मुख्य प्रश्न होता. भारतात २०२१-२२ च्या उच्च शिक्षण पाहणीत विज्ञान शाखेतील ५७.२ लाख विद्यार्थ्यांपैकी २९.८ लाख मुली होत्या. म्हणजे विज्ञान घेण्यात त्या मागे नाहीत. अडचण पुढे आहे. देशातील १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्क्यांपर्यंत वाढलेला दिसतो, पण या वाढीचा मोठा भाग ग्रामीण स्वयंरोजगाराचा आहे आणि त्यात घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी राबणेही मोजले जाते. तेव्हा ‘मोठेपणी काय व्हायचे आहे?’ या प्रश्नाला ‘डॉक्टर’ असे उत्तर देणाऱ्या मुली वाढल्या, हा भारतात जेमतेम परिणाम म्हणता येईल. शाळेतून गळती झाली का, दहावीनंतर आयटीआय, तंत्रनिकेतन, नर्सिंग की अकरावी यांपैकी काय घेतले, अभ्यासक्रम पूर्ण झाला का, लग्न कितव्या वर्षी झाले, पंचविशीत तिच्या हाती स्वतःची कमाई आहे का, ही खरी मापे.

मनातले बदल मोजूच नयेत असे नव्हे, पण ते मोजताना मुली शिकवलेले उत्तर देतात हे गृहीत धरावे लागते. हरियाणातील ३१४ सरकारी शाळांपैकी सोडतीने निवडलेल्या १५० शाळांत ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने चालवलेल्या स्त्री-पुरुष समतेच्या वर्गांचे मूल्यमापन करताना संशोधकांनी ही काळजी घेतली. इतरांना आवडेल असेच उत्तर देण्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याचा कल किती आहे, हे त्यांनी वेगळ्या प्रश्नावलीने आधीच तपासून ठेवले. वर्गांनी विचार बदलले, आणि तो बदल दोन वर्षांनंतरही टिकला. वागण्यातला फरक मात्र मुलींपेक्षा मुलग्यांनी अधिक सांगितला. कारण उघड आहे. स्वतःचे कपडे धुवायचे हे मुलगा स्वतः ठरवू शकतो. कॉलेजला परगावी जायचे हे मुलगी एकटी ठरवू शकत नाही.

म्हणूनच मार्गदर्शनाचा परिणाम मुलीपुरता मोजणे अपुरे ठरते. पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात ग्रामपंचायतींचे प्रमुखपद स्त्रियांसाठी राखीव कोठे ठेवायचे हे यादृच्छिकपणे ठरत असे, त्यामुळे ४९५ गावांत नकळत एक प्रयोगच घडून आला. जिथे सलग दोन निवडणुकांत स्त्री प्रमुख झाली, तिथे मुलामुलींबद्दलच्या आईवडिलांच्या महत्त्वाकांक्षांमधली तफावत २० टक्क्यांनी आणि किशोरवयीनांच्या स्वतःच्या आकांक्षांमधली ३२ टक्क्यांनी कमी झाली. मुलींच्या वाट्याचे घरकामही घटले. इथे कोणीही मार्गदर्शन केले नव्हते. आईवडिलांना डोळ्यांसमोर एक उदाहरण दिसले होते. उत्तर भारतातील १६० गावांत अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी केलेला प्रयोग याहून व्यवहारी. सोडतीने निवडलेल्या ८० गावांत बीपीओ नोकऱ्यांची भरती करणारे लोक तीन वर्षे जात राहिले आणि तरुण मुलींना नोकरीची माहिती व मुलाखतीची तयारी देत राहिले. त्या गावांत मुलींचे लग्न त्या काळात होण्याचे प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या अंतराने घटले, आणि नोकरीच्या वयाला न पोहोचलेल्या लहान मुलींची शाळेतील हजेरीपटावरची नोंदही वाढली. खऱ्या नोकरीचा पत्ता हातात असला, की घरातले गणित बदलते.

मोजणीच्या अडचणी मात्र अगदी जमिनीवरच्या आहेत. पहिली संख्येची. ११ वरून १४.५ टक्के एवढा फरक योगायोगाचा नाही असे खात्रीने म्हणायचे, तर प्रत्येक गटात साधारण १४०० मुली लागतात. सोडत मुलींची न काढता वर्गांची काढली, तर हा आकडा सहज दुप्पट-अडीचपट होतो, कारण एका वर्गातल्या मुली एकमेकींसारख्या असतात. वर्गांची सोडत टाळावी, तर मैत्रिणी ऐकलेले एकमेकींना सांगणार आणि तुलनागटही बदलणार. साठ मुलींच्या कार्यक्रमाने टक्केवारीत परिणाम जाहीर करणे, हे त्यामुळे बहुधा अहवालाची सजावट ठरते.

दुसरी अडचण मुली पुन्हा सापडण्याची. समजा शंभर मुलींपैकी तीन वर्षांनी सत्तर सापडल्या आणि त्यांतल्या ५६ शिकत आहेत. अहवाल म्हणेल, ८० टक्के. न सापडलेल्या तीसही जणींची शाळा सुटली असेल, तर खरा आकडा ५६ टक्के. आणि न सापडणाऱ्या मुली कोण असतात? लग्न होऊन गेलेल्या, घरात फोन नसलेल्या, बीडसारख्या जिल्ह्यांतून आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या. म्हणजे ज्यांच्याविषयी कळायला हवे, नेमक्या त्याच. यासाठी पाहणीचे महिने ठरवताना गळीत हंगाम पाहावा लागतो आणि पहिल्याच दिवशी मुलीच्या फोनबरोबर मामा, मावशी, अंगणवाडी सेविका असे तीन-चार पत्ते लिहून घ्यावे लागतात.

लहान संस्थेला सोडत, हजारो मुली, पाच वर्षांचा पाठपुरावा हे परवडणारे नसते, आणि तिने तसा आवही आणू नये. तिला करण्याजोगे बरेच आहे: ठरलेल्या भेटींपैकी किती झाल्या, कोणत्या मुली दुसऱ्या महिन्यापासून येईनाशा झाल्या, पालक किती बैठकांना आले, नुसत्या बोलण्याने काम झाले की अर्ज, जातीचा दाखला आणि वसतिगृह यांतल्या मदतीने. अशाच वीस-पंचवीस संस्थांनी एकच प्रश्नावली वापरून आपल्या नोंदी एकत्र केल्या, तर संख्येचा प्रश्न पुष्कळसा सुटतो. पाठपुराव्याचा खर्चही कमी करता येतो. फ्रान्समध्ये संशोधकांनी पुढचे प्रवेश मुलींना न विचारता सरकारी नोंदींतून पाहिले. महाराष्ट्रातही दहावी-बारावीचे निकाल, सीईटीचे आणि केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचे तपशील सरकारी यंत्रणांकडे नोंदलेले असतात. ते वापरायचे तर मुलीची आणि पालकांची लेखी संमती कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच, आणि तुलनागटातल्या मुलींकडूनही, घेऊन ठेवावी लागते.