घरातले स्वदेशी ओळखावे कसे?

१८७७ च्या दिल्ली दरबारास सार्वजनिक काका खादीचा पोशाख करून गेले. त्या काळी स्वदेशी ओळखायला चष्मा लागत नसे. आजच्या गृहिणीला मात्र तो लागतो. कारण वस्तू देशी की परदेशी, हे वेष्टनाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत दडलेले असते!

नावावरून अंदाज बांधावा, तर तो चुकण्याचाच संभव फार. मुलांच्या दप्तरातील कॅम्लिनच घ्या. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेला हा शाईचा धंदा. त्याची निम्म्याहून अधिक मालकी २०११ साली कोकुयो या जपानी कंपनीकडे गेली. मग ती रंगपेटी परदेशी झाली काय? नफ्याचा वाटा जपानला जातो हे खरे. पण पाताळगंगेच्या कारखान्यातील मजुरीवर इथल्याच चुली पेटतात. उलट, अस्सल देशी नावाच्या खोक्यातील विजेची तोरणे परदेशांतून आलेली असू शकतात. तेव्हा मालक कोण आणि माल झाला कोठे, हे प्रश्न दोन आहेत. आपला रुपया कोणाच्या हाताला काम देतो, हे दुसऱ्यावर ठरते.

बारकोडचा आकडा ८९० ने सुरू झाला की माल भारतीय, अशी एक समजूत घरोघर आहे. तीही फसवी. कंपनीने हा क्रमांक भारतातील संस्थेकडून घेतला, एवढेच त्यावरून कळते.

खरे बोलते ती बारीक ओळ. बंद वेष्टनातील मालावर उत्पादकाचे नाव व पत्ता छापणे कायद्याने आवश्यक आहे. माल आयात केलेला असेल, तर आयातदाराचे नाव आणि मूळ देशही. ऑनलाईन विक्रेत्यांनाही २०२० च्या नियमांनुसार मूळ देश सांगावा लागतो. ‘मार्केटेड बाय’ म्हणजे नुसता विकणारा. तेथे न थांबता करणारा कोण, ते शोधावे.

एवढी खटपट कशासाठी? देवघरातील काडेपेटीकडे पाहा. शिवकाशीचे अय्या नाडर व षण्मुग नाडर हे दोघे १९२२ च्या सुमारास कलकत्त्यास जाऊन आगकाड्यांचा धंदा शिकून आले. पाऊस कमी, शेती बेभरवशाची, अशा त्या मुलखात या धंद्यावर आज हजारो कुटुंबे जगतात. त्यांत काम करणाऱ्या बहुतेक स्त्रियाच. स्वस्त परदेशी लायटर आले आणि हा धंदा डळमळू लागला. अखेर जून २०२३ मध्ये सरकारने २० रुपयांखालील लायटरच्या आयातीस बंदी केली. सरकारला वर्षे लागली. गृहिणीला दुकानात एक क्षण पुरतो.

प्रत्येक वस्तू देशी मिळेलच असे नाही, आणि देशी म्हणून निकृष्ट माल पदरी बांधून घ्यावा असेही नाही. पण दोन वस्तू सारख्याच गुणाच्या असतील, तर जवळच्या हातांनी केलेली उचलावी. पणत्या धारावीच्या कुंभारवाड्यातल्या, काडेपेटी शिवकाशीची, इतके तरी सहज साधेल. बाकीच्या यादीसाठी पिशवीत चष्मा टाकायला विसरू नका!