वडील विसरले, म्हणून मुलाने विसरायचे का?

चित्रपट पाहून डोळे पुसत उठणे आपल्याला नवीन नाही. पडद्यावर ताटातूट झाली की प्रेक्षक रडतो आणि घरी पोहोचेपर्यंत विसरूनही जातो. मात्र स्मृती हरवत चाललेल्या आई-वडिलांची कथा पाहताना येणारे रडू घरापर्यंत सोबत येते. रात्री अंथरुणावर पडल्यावर आपलेच अब्बा डोळ्यांसमोर उभे राहतात. त्यांनी एकच प्रश्न चौथ्यांदा विचारला तेव्हा घरात कोण काय बोलले, हे आठवत राहते.

असे दोन चित्रपट अनेक घरांत पाहिले गेले आहेत. एक आपल्या मराठीतला, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’. दुसरा इराणचा, असगर फरहादी यांचा २०११ सालचा ‘अ सेपरेशन’. या दोन्ही चित्रपटांवर काही बहिणी-भावांशी बोलणे झाले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. चित्रपट तोच असला तरी प्रत्येक जण वेगळ्या प्रसंगाला रडला होता, आणि ज्या प्रसंगाला रडला त्यातून त्याच्या घरची गोष्ट समजत होती.

पुण्यातले शास्त्री, तेहरानमधला म्हातारा

‘अस्तु’मध्ये डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे गाढे पंडित आहेत. आयुष्यभर ज्यांनी ग्रंथ पाठ केले, त्यांनाच आता स्वतःचे नाव आणि घर आठवत नाही. मुलगी इरा त्यांना गाडीतून घेऊन बाहेर पडते आणि थोड्या वेळासाठी दुकानात जाते. तेवढ्यात शास्त्रींना रस्त्याने जाणारा हत्ती दिसतो. लहान मुलाच्या कुतूहलाने ते हत्तीच्या मागे चालू लागतात आणि हरवतात. एकीकडे मुलीची शोधाशोध सुरू होते, दुसरीकडे माहुताची बायको चन्नम्मा या अनोळखी म्हाताऱ्याला आपल्या लेकरासारखे सांभाळते. शास्त्रींची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. चन्नम्मा झालेल्या अमृता सुभाष यांना साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘अ सेपरेशन’ तेहरानमधल्या एका मध्यमवर्गीय घरात घडतो. परदेशी चित्रपटासाठीचे ऑस्कर मिळवणारा हा पहिला इराणी चित्रपट. सिमीनला मुलीच्या भवितव्यासाठी देश सोडायचा आहे. नवरा नादिर तयार नाही, कारण घरात अल्झायमर झालेले वडील आहेत. न्यायाधीशासमोर सिमीन सांगते की, त्यांना तर तू त्यांचा मुलगा आहेस हेसुद्धा कळत नाही. त्यावर नादिरचे उत्तर साधे आहे: ते माझे वडील आहेत हे मला कळते. चित्रपट सुरू होताच हा प्रश्न समोर येतो आणि प्रेक्षक त्यातून शेवटपर्यंत सुटत नाही.

कोण कुठे रडले?

सोलापूरच्या एका शिक्षिका बहिणीला ‘अस्तु’तला गाडीचा प्रसंग पाहवला नाही. तिच्या अब्बांना चार वर्षांपासून हा आजार आहे. शाळेत जाताना ती बाहेरून कुलूप लावते, कारण दोन वेळा ते घरातून निघून गेले होते. “लोक म्हणतील, बापाला कोंडून ठेवते. पण कुलूप लावताना माझ्या मनाचे काय होते, ते त्या चित्रपटात पहिल्यांदा कोणीतरी दाखवले,” ती म्हणाली.

रत्नागिरीकडचे एक भाईजान कुवेतला नोकरी करतात. त्यांनी ‘अ सेपरेशन’ रात्री खोलीवर एकट्याने पाहिला. नादिर वडिलांना अंघोळ घालता घालता त्यांच्या अंगावर डोके टेकवून हुंदके देतो, त्या प्रसंगाला ते ढसाढसा रडले. त्यांच्या बावांना गावी धाकट्या भावाची बायको सांभाळते. “मी दर महिन्याला पैसे पाठवतो. पण बावांच्या पाठीवर एकदाही पाणी घातलेले नाही,” असे ते म्हणाले.

तिसरी प्रतिक्रिया एका सूनबाईची. सासऱ्यांचे खाणे-पिणे, कपडे, औषधे सगळे तिच्याकडे आहे. चित्रपटात नादिरने कामाला ठेवलेली रज़िया ही गरीब, धार्मिक आणि गर्भवती बाई आहे. पहिल्याच दिवशी म्हाताऱ्याचे कपडे खराब होतात. परपुरुषाला स्वच्छ करणे गुनाह तर ठरणार नाही ना, हे ती फोन करून विचारते. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आले ते इथे. “तिने विचारायला फोन तरी केला. मला करायला जमेल का, असे मला कोणी विचारलेच नाही,” ती म्हणाली.

आणि सत्तरीकडे झुकलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी ‘अस्तु’ अर्ध्यावर बंद केला. बाकीचे सगळे मुलगा किंवा मुलगी होऊन चित्रपट पाहत होते, हे मात्र शास्त्रींच्या जागी बसले होते. दुसऱ्या दिवसापासून ते नातवंडांची नावे वहीत लिहून ठेवू लागले.

कोणाला दुःख झाले, कोणाला खंत वाटली, कोणाला राग आला तर कोणाला भीती वाटली. यातले काहीच चुकीचे नाही. पण चारही जणांच्या बोलण्यात फिरून एकच प्रश्न येत होता: ते आपल्याला ओळखतच नाहीत, तर आपण केलेले त्यांच्यापर्यंत पोहोचते का?

आठवण जाते, मन राहते

हा वयाचा विसराळूपणा नाही, मेंदूचा आजार आहे. जर्मन डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली त्याचे पहिले वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात साडेपाच कोटींहून अधिक लोकांना स्मृतिभ्रंश आहे आणि त्यांपैकी सर्वाधिक रुग्ण अल्झायमरचे असतात. भारतात साठीच्या पुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत असावेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. या आजारात साधारणपणे ताज्या आठवणी आधी जातात आणि जुन्या जास्त टिकतात. म्हणूनच सकाळचा नाश्ता न आठवणारे आजोबा पन्नास वर्षांपूर्वीची वरात मात्र रंगवून सांगतात.

वरच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले तेही चित्रपटांच्याच मदतीने. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अल्झायमर झालेल्या १७ जणांना आणि निरोगी १७ जणांना त्यांनी चित्रपटांतले काही दुःखी आणि काही आनंदी प्रसंग दाखवले. थोड्या वेळाने विचारले तेव्हा रुग्णांना पाहिलेले फारसे आठवत नव्हते. पण त्या प्रसंगांनी आलेले दुःख किंवा आनंद त्यांच्या मनात त्यानंतरही अर्धा तासापर्यंत टिकून होता. आपण उदास का आहोत हे त्यांना सांगता येत नव्हते, पण ते उदास होते.

याचा अर्थ आपल्या घरात लावून पाहू. मुलगा भेटून गेला हे अब्बा दहा मिनिटांत विसरतील. पण त्याने जवळ बसून हात हातात घेतल्याने आलेली शांतता त्यांच्याजवळ राहील. तसेच कोणी खेकसले तर शब्द विसरले जातील, जीव मात्र घाबरलेला राहील. मग संध्याकाळी ते विनाकारण रडतात, जेवण नाकारतात, आणि आपण म्हणतो की आज यांना काय झाले कळत नाही.

हुकूम अवलादीला आहे

बुद्धी साथ सोडते त्या वयाचा उल्लेख कुरआनने केला आहे. सूरह नहल आणि सूरह हज या दोन्हींत माणसाच्या अशा अवस्थेची आठवण दिली आहे, जिथे सारे जाणल्यानंतर काहीच कळेनासे होते. सूरह बनी इस्राईलमध्ये म्हातारपणी पोहोचलेल्या वालिदैनसमोर ‘उफ’ एवढाही शब्द काढायला मनाई आहे. त्यांनी आपल्याला ओळखले पाहिजे, अशी अट तिथे नाही.

आणि हा हुकूम मुलामुलींना उद्देशून आहे. आपल्याकडे मात्र खिदमतीचा सवाब मुलगा घेतो आणि काम सुनेच्या वाट्याला जाते. सून मनापासून करत असेल तर तो तिचा मोठेपणा आहे, आणि तो बोलून दाखवला पाहिजे. ‘अ सेपरेशन’मध्ये नादिरचे वडिलांवरचे प्रेम खरेच आहे. पण तो दिवसभर कामावर असतो आणि म्हातारा रज़ियाच्या अंगावर पडतो. तिला घेणे जमत नाही एवढा भार तिच्यावर आहे. एके दिवशी ती म्हाताऱ्याचा हात पलंगाला बांधून बाहेर जाते, नादिर परततो तेव्हा वडील खाली पडलेले दिसतात, आणि दोन घरे कोर्टाच्या दारात उभी राहतात. बांधलेला हात पाहून प्रेक्षक हळहळतो. ती तिथवर कशी आली, हा विचार मागाहून येतो. ‘अस्तु’तली चन्नम्माही परकी आणि गरीबच आहे. दोन्ही चित्रपटांत म्हाताऱ्याला हात लावण्याचे काम दिवसभर करणारी बाई घरची नाही.

रडून झाल्यावर

चित्रपटाने मन हलले असेल तर घरात पुढील गोष्टी लगेच करता येतील.

पहिली, डॉक्टरांना दाखवणे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार किंवा नैराश्य यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपचार होतात. ‘वय झाले’ म्हणून बसून राहू नये.

दुसरी, परीक्षा घेणे बंद करणे. “मी कोण, सांगा बरे?” हा प्रश्न पाहुणे हमखास विचारतात. उत्तर आले नाही की सगळे हसतात आणि म्हातारा खजील होतो. त्याऐवजी सलाम करून आपणच सांगावे, “अब्बा, मी तुमची थोरली, सलमा.”

तिसरी, खिशात किंवा गळ्यातल्या पाकिटात नाव आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवणे. मोहल्ल्यातले दुकानदार, रिक्षावाले आणि मशिदीतले नमाज़ी यांना आजाराची कल्पना देऊन ठेवावी. यात लाजण्यासारखे काही नाही.

चौथी, नमाज़बद्दल वाद न घालणे. अब्बा अस्र दोनदा पढतात, रकअत विसरतात आणि मुले त्यांना टोकतात. ज्याची समज गेली त्याच्यावर फर्ज़ उरत नाही, हे फिक़्हमधले सर्वमान्य तत्त्व आहे. समज येत-जात असेल तर स्थानिक आलिमांना विचारून घ्यावे. ते मुसल्ल्यावर शांत बसत असतील तर बसू द्यावे.

पाचवी, पाळी ठरवणे. कोणी रात्र सांभाळायची, कोणी अंघोळ घालायची, कोणी दवाखान्यात न्यायचे हे भावंडांनी एकत्र बसून ठरवावे. परदेशात असलेल्या भावाने पैसे पाठवावेतच, शिवाय सुट्टीवर आल्यावर सांभाळणाऱ्या भाभीला आठवडाभर पूर्ण मोकळीक द्यावी. घरात कामासाठी बाई ठेवली असेल तर तिला आजाराची नीट माहिती, वेळेवर पगार आणि सुट्टी द्यावी. ज्येष्ठांसाठी केंद्र सरकारची १४५६७ ही एल्डरलाइन आहे, तिथे माहिती आणि मदत मिळते.

कुवेतच्या भाईजाननी या रमज़ानआधी महिनाभराची रजा टाकली आहे. भावजयीला त्यांनी फोनवर सांगितले, “बावांची अंघोळ त्या महिन्यात माझ्याकडे. तू फक्त पाणी किती गरम लागते तेवढे दाखव.”