किल्ल्यांचा हिशेब

संगणकावर चालू असलेल्या प्रत्येक कामास ‘प्रक्रिया’ म्हणतात. आणि स्मृती, गणनेचा वेळ इत्यादी साधने या प्रक्रियांना वाटून देणारी जी मूळ आज्ञावली, तिला ‘कर्नल’ अशी संज्ञा आहे. लिनक्स या कर्नलमध्ये २००८ च्या जानेवारीत एक नवी सोय झाली. संबंधित प्रक्रियांचा गट करावयाचा आणि साधनांची मर्यादा त्या गटावर घालावयाची, हे तिचे स्वरूप होय. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्मृतीवर मर्यादा घालणारा भाग तीत आला. त्याच्या रचनेत आय. बी. एम. च्या बेंगळुरू येथील लिनक्स केंद्रातील बलबीर सिंग यांचा प्रमुख वाटा होता.

स्मृती ही पाटाच्या पाण्यासारखी असते. एका शेताचे पाणी वळवून दुसऱ्यास देता येते. गटाने मर्यादा गाठली की कर्नल त्याची फारशी न लागणारी स्मृतिपृष्ठे तबकडीवर हलवितो आणि जागा मोकळी करतो. सर्वच साधने मात्र अशी लवचिक नसतात.

मोठ्या गणनकेंद्रांत एकाच संगणकावर अनेक ‘आभासी यंत्रे’ चालतात व ती निरनिराळ्या ग्राहकांना भाड्याने दिली जातात. ए. एम. डी. कंपनीने २०१७ मध्ये आपल्या एपिक प्रक्रियकांत अशी योजना केली, की प्रत्येक आभासी यंत्राची स्मृती स्वतंत्र किल्लीने कूटबद्ध व्हावी, म्हणजे संगणकाच्या मालकासही ती वाचता येऊ नये. किल्ली प्रक्रियकाच्या सुरक्षित भागात राहते. कर्नलच्या हाती केवळ तिचा क्रमांक असतो. पहिल्या पिढीत असे क्रमांक अवघे १५ होते. २०१९ च्या दुसऱ्या पिढीत ते ५०९ झाले. एकाच ग्राहकाने पंधराही क्रमांक घेतले, तर स्मृती रिकामी असूनही दुसऱ्याचे कूटबद्ध यंत्र सुरू होत नाही. चालत्या यंत्राची किल्ली काढून घेणेही शक्य नसते.

यास्तव या क्रमांकांवर गटवार मर्यादा घालण्याचा प्रस्ताव गूगलमधील अभियंत्यांकडून २०२० मध्ये पुढे आला. एकाच जातीच्या साधनासाठी स्वतंत्र विभाग उभारणे योग्य काय, हा तपासणीतील पहिला प्रश्न. चर्चेअंती तो विभाग ‘संकीर्ण’ साधनांचा, म्हणजे मोजता येणाऱ्या कोणत्याही अल्पसंख्य साधनास उपयोगी, असा झाला आणि २०२१ च्या जूनमध्ये लिनक्सच्या ५.१३ या आवृत्तीत प्रविष्ट झाला.

संहिता थोडी आहे. तपासणाऱ्याची दृष्टी यशापेक्षा अपयशाच्या वाटांवर अधिक खिळते. गटात उपगट असतात, म्हणून एक क्रमांक मागितला की तो उपगटाच्या आणि त्यावरील प्रत्येक गटाच्या खाती मांडावा लागतो. वरच्या एखाद्या गटाची मर्यादा भरलेली आढळली, तर खाली मांडलेली प्रत्येक नोंद उलट क्रियेने पुसली पाहिजे. एकही नोंद राहून गेली तर ती किल्ली कोणाच्याही हाती नसताना खर्ची पडलेली दिसेल, आणि असे पुनःपुन्हा घडल्यास त्या गटास कायमचा नकार मिळत राहील. प्रक्रिया मध्येच दुसऱ्या गटात गेली तरी नोंद मूळ गटाच्याच नावावर राहते. अन्यथा परत करताना भलत्याच खात्यातून वजा होण्याचा धोका. गटांच्या मर्यादांची बेरीज १५ हून अधिक ठेवण्यास मात्र मुभा आहे, कारण मर्यादा म्हणजे पुरवठ्याची हमी नव्हे.

एक बारकावा आणखी आहे. यंत्र बंद होताच गटाच्या खात्यातील नोंद वजा होते. परंतु त्या क्रमांकाचे अवशेष प्रक्रियकाच्या द्रुतस्मृतीत असू शकतात, म्हणून तो लगेच पुन्हा देता येत नाही. तो वेगळ्या यादीत थांबतो. पुढील मागणीस मोकळा क्रमांक सापडला नाही, की कर्नल द्रुतस्मृती साफ करवितो आणि यादीतील क्रमांक पुन्हा वापरात आणतो. त्यानंतरही क्रमांक न मिळाल्यास मागणी नाकारली जाते, आणि तिच्यासाठी आधीच मांडलेली नोंद त्याच ठिकाणी पुसली जाते.