सूतशेखर: सतरा द्रव्यांची गोळी

जागरण, उपास, लग्नातले तिखट जेवण, सकाळी उपाशीपोटी दोन कप चहा. यातले काहीही झाले आणि घशाशी आंबट येऊन डोके चढले, की महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत एकच नाव निघते. शेजारीण ते सुचवते, औषधाच्या दुकानात ते कागद न दाखवता मिळते आणि डबी मोरावळ्याच्या बरणीशेजारी ठेवली जाते. सूतशेखर हे आपल्याकडे इतके घरचे झाले आहे, की ते औषध आहे याचाच विसर पडावा.

त्या इवल्याशा गोळीत पारा आहे, गंधक आहे, तांबे आहे, बचनाग आहे आणि धोत्र्याचे बीही आहे. ही पाच नावे सुटी ऐकली तर माणूस गोळी तोंडाजवळही नेणार नाही. आणि हीच गोळी हाताशी बाळगणारे, तिने गुण आला असे मनापासून सांगणारे हजारो रुग्ण आहेत, पिढ्यान्‌पिढ्या ती देणारे वैद्य आहेत. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. म्हणून या औषधाकडे भक्तिभावाने किंवा भीतीने न पाहता ते खलापासून पोटापर्यंत नीट पाहायला हवे.

सूतशेखराचा प्रसिद्ध पाठ ‘योगरत्नाकर’ या ग्रंथात आम्लपित्ताच्या प्रकरणात येतो. महाराष्ट्रातल्या वैद्यांचा हा फार आवडता ग्रंथ. त्यात सतरा द्रव्ये समभाग सांगितली आहेत. शुद्ध पारा, शुद्ध गंधक, सुवर्णभस्म, ताम्रभस्म, शंखभस्म, टाकणखार, शुद्ध बचनाग आणि शुद्ध धोत्र्याचे बी ही झाली आठ. उरलेली नऊ बहुतेक मसाल्याच्या डब्यातली: सुंठ, मिरी, पिंपळी, दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर, आणि त्यांच्या जोडीला बेलफळाचा गर व कचोरा. हे सगळे एकत्र करून माक्याच्या रसात खलायचे आणि गुंजेएवढ्या गोळ्या वळायच्या. आजच्या मापात एक गुंज म्हणजे साधारण १२५ मिलिग्रॅम. सोने महाग, म्हणून ते वगळलेला ‘साधा’ सूतशेखरही बाजारात असतो आणि बहुतेक घरांत असतो तो तोच.

कृतीची सुरुवात कज्जलीने होते. दगडी खलात पारा आणि गंधक घेऊन बत्त्याने घोटायला लागायचे. पहिल्यांदा पारा निसटतो, गंधकाच्या पिवळ्या भुकटीत त्याचे मणी पळत राहतात. मग ते मणी फुटतात, बारीक होतात, रंग करडा होतो, आणि तासन्‌तास, कधी कधी कित्येक दिवस घोटल्यावर खलात काजळासारखी काळी, मऊ भुकटी उरते. चिमूट घेऊन तर्जनी आणि अंगठ्यात चोळली तर ती बोटांच्या रेषांत शिरून बसली पाहिजे. पाण्यावर अलगद टाकली तर तरंगली पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचे, पाण्यात कालवून उन्हात धरली तरी एकही कण चमकता कामा नये. वैद्य याला निश्चंद्र म्हणतात. चमक राहिली म्हणजे पारा सुटा राहिला, आणि सुटा पारा राहिलेली कज्जली कच्ची.

रसायनशास्त्राच्या भाषेत खलात पाऱ्याचे काळे सल्फाइड तयार झाले. १०० ग्रॅम पाऱ्याला पूर्ण बांधून टाकायला हिशेबाने १६ ग्रॅम गंधक पुरतो. सूतशेखराच्या पाठात गंधक पाऱ्याइतकाच, म्हणजे १०० ग्रॅमला १०० ग्रॅम घ्यायला सांगितला आहे. अणुभार ठाऊक नसलेल्या काळात कुणीतरी अनुभवाने ही सहापट सोय करून ठेवली, हे मला फार मोलाचे वाटते. नायट्राइटांवरच्या संशोधनासाठी जगभर ओळखल्या गेलेल्या प्रफुल्लचंद्र रायांनी १९०२ मध्ये हिंदू रसायनाच्या इतिहासाचा पहिला खंड काढला, तो पारा आणि धातूंच्या औषधांवरच्या जुन्या रसग्रंथांचा बारकाईने अभ्यास करूनच. मर्क्युरस नायट्राइट हा पाऱ्याचा क्षार त्यांनी स्वतः प्रयोगशाळेत तयार केला होता. खलात काय घडते हे कळणारी नजर त्यांच्याकडे होती.

तांब्याची गोष्ट याहून अवघड. रसशास्त्रात तांब्याचा धाक एवढा, की विषात एक दोष असेल तर तांब्यात आठ असतात, असे जुने वैद्य शिकवत आले. कच्च्या ताम्रभस्माने मळमळते, उलट्या होतात, भोवळ येते. म्हणून तांब्याचे पातळ पत्रे लाल होईपर्यंत तापवून तेलात, ताकात, गोमूत्रात, कांजीत आणि कुळथाच्या काढ्यात प्रत्येकी सात वेळा विझवतात. मग कज्जली आणि लिंबाचा रस घालून खलतात, त्याच्या चकत्या वाळवतात, दोन मातीच्या परळांत ठेवून तोंड मातीत भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी बंद करतात आणि गोवऱ्यांच्या खड्ड्यात पुट देतात, म्हणजे भाजतात. थंड झाले की उघडायचे, पुन्हा खलायचे, पुन्हा पुट. हल्ली बऱ्याच कारखान्यांत खड्ड्याची जागा विजेच्या भट्टीने घेतली आहे. त्यामुळे तापमान काट्यावर दिसते आणि ही सोय मी चांगलीच मानतो.

भस्म झाले की नाही हे ठरवायची पद्धत तर कुणालाही समजेल अशी आहे. ताम्रभस्म थोड्या दह्यात कालवून ठेवायचे. दही पांढरे राहिले तर भस्म तयार. त्यावर हिरवी-निळी झाक आली तर धातू अजून आंबटात विरघळतो आहे, म्हणजे पोटातल्या आम्लातही विरघळणार. ते परत भट्टीत गेले पाहिजे. इथे घाई केली की औषध पित्त शमवण्याऐवजी उलटी करवते.

बचनाग आणि धोतरा या वनस्पती, तरी धोका त्यांचाच जास्त तातडीचा. बचनागाच्या मुळीतले अ‍ॅकोनिटिन हृदयाची लय बिघडवते आणि जीव घेऊ शकते. ती मुळी तुकडे करून गोमूत्रात भिजवतात किंवा कापडात बांधून दुधात शिजवतात. या उष्णतेने आणि ओलाव्याने अ‍ॅकोनिटिनचे विघटन होऊन त्याचा जहालपणा कितीतरी पटींनी उतरतो, हे आधुनिक विश्लेषणात दिसले आहे. विष उतरवण्याची ही क्रिया म्हणजे शोधन, ती पूजाविधीसारखी पाळायची रीत नाही. ती वगळली तर रुग्ण दगावू शकतो.

आता गुण. शंखभस्म हे कॅल्शियमचे क्षार, ते आम्लाला थेट निष्प्रभ करते. धोत्र्यातली द्रव्ये जठराचा स्राव आणि कळ कमी करतात. याच कुळातल्या बेलाडोनाचा अर्क एके काळी अ‍ॅलोपॅथीचे डॉक्टरही पोटाच्या मिश्रणांत घालत. सुंठेने मळमळ थांबते, हे तर आजी आणि आधुनिक चाचण्या दोघांचेही म्हणणे. म्हणजे सूतशेखराने आंबट ढेकर आणि उलटीसह येणारी डोकेदुखी उतरते, या अनुभवाला पटण्यासारखी कारणे आहेत. अहमदनगरच्या गंगाधरशास्त्री गुणे यांच्या ‘औषधीगुणधर्मशास्त्रा’सारख्या पुस्तकांनी रसकल्प, म्हणजे पाऱ्याची अशी औषधे, कुणाला, कोणत्या लक्षणांत द्यायचे याचा बारीक विचार वैद्यांपर्यंत नेला. पनवेलचे धूतपापेश्वर १८७२ पासून आणि पुण्याची आयुर्वेद रसशाळा १९३५ पासून अशी औषधे बनवत आली आहेत. पण पारा आणि तांबे काढून टाकले तर गुण किती उणावतो, या प्रश्नाचे उत्तर मोठ्या, काटेकोर चाचण्यांनी द्यायला हवे होते. इतक्या वापरातल्या औषधाबाबत ते अजून नीट दिले गेलेले नाही, आणि ही उणीव आयुर्वेदावर प्रेम असणाऱ्यांना जास्त बोचायला हवी.

पाऱ्याचा हिशेब स्वच्छ मांडू. सतरा समभागांत पारा एक भाग. म्हणजे १२५ मिलिग्रॅमच्या गोळीत साधारण ७ मिलिग्रॅम, माक्याच्या रसातला घन भाग आणि गोळी बांधणारी द्रव्ये धरली तर थोडा कमी. दिवसाला चार गोळ्या घेतल्या तर २८ मिलिग्रॅमच्या आसपास, आठवड्याला २०० मिलिग्रॅमच्या घरात. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये अन्नातल्या असेंद्रिय पाऱ्यासाठी जी मर्यादा घातली, ती शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला ४ मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ती पाव मिलिग्रॅमही भरत नाही. सूतशेखरातला पारा त्याच्या शेकडो पट आहे.

मग माणसे पटापट आजारी का पडत नाहीत? कारण सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही आणि त्याचा बहुतांश भाग आतड्यातून तसाच बाहेर पडतो. सगळी सुरक्षितता या एका ‘जवळजवळ’वर उभी आहे. प्राण्यांना हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचेच लाल सल्फाइड, दीर्घकाळ खाऊ घातल्यावर मूत्रपिंडात पारा साठल्याचे आढळले आहे. शोषण थोडे असते, शून्य नसते. आणि कज्जलीत सुटा पारा राहिला असेल तर हा हिशेबच कोलमडतो. आठ-पंधरा दिवस वैद्याच्या देखरेखीखाली घेतलेले सूतशेखर आणि पाच वर्षे रोज सकाळी सवयीने तोंडात टाकलेले सूतशेखर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला परंपरेचा आधार आहे. दुसरीला परंपरेचाही नाही. रसकल्प मोजक्या मात्रेत, पथ्याने आणि अनुपानासह घ्यायचा असतो.

शिशाचा मुद्दा वेगळा आणि तो अनेकदा यात मिसळला जातो. २००४ मध्ये अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. २००८ मध्ये इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ उत्पादनांत हे प्रमाण पुन्हा पाचात एक असे निघाले. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ मध्ये सहा गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिसे वाढलेले सापडले, त्यांच्या बाबतीतही आयुर्वेदिक औषधांकडे बोट दाखवले गेले. त्यांतल्या बहुतेक जणी भारतात जन्मलेल्या. सूतशेखराच्या पाठात शिसे कुठेच नाही. त्यात ते आढळले तर ते कच्च्या मालातून, भांड्यातून किंवा कारखान्याच्या निष्काळजीपणातून आलेले असणार, आणि त्याचे समर्थन कोणत्याही ग्रंथाच्या आधारे होऊ शकत नाही. परदेशातल्या लेकीसुनेला सामानातून गोळ्यांची डबी पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. ती गर्भवती असेल, अंगावर पाजत असेल तर मुळीच पाठवू नये.

आपल्याकडे कायदा याबाबतीत गाफील नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘ई-१’ परिशिष्टात आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी आहे आणि पारा, बचनाग, धोतरा तिन्ही तिच्यात आहेत. असे द्रव्य असलेल्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजीत आणि हिंदीत छापावी लागते. ती छापलेलीही असते, मुंगीएवढ्या अक्षरांत. मात्र तीच डबी काउंटरवर साखरेच्या गोळ्यांसारखी विकली जाते. वनस्पतिज औषधांना पाऱ्याची मर्यादा दहा लाख भागांत १ भाग, शिशाची १० भाग अशी आहे. पारा मुद्दाम घातलेल्या रसकल्पांना पाऱ्याची ही मर्यादा लावताच येत नाही, म्हणून तिथे तपासायचे ते सुट्या पाऱ्याचे प्रमाण.

मूत्रपिंडाचा विकार असलेले, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेले, हृदयाच्या लयीसाठी औषध घेणारे, आणि लहान मुले यांच्यासाठी हे औषध नाही. पित्त महिनोन्‌महिने जात नसेल, वजन उतरत असेल, घास अडकत असेल किंवा शौच डांबरासारखे काळे होत असेल, तर ते पित्त नसून व्रण किंवा त्याहून गंभीर काही असू शकते. तिथे गोळीने लक्षण दबते आणि निदान लांबते. छातीतली जळजळ समजून हृदयविकाराची कळ गोळीवर काढणाऱ्यांबद्दल तर काय बोलावे.

साध्या पित्तासाठी वैद्यांकडे लघुसूतशेखर आहे. नाव सारखे, घडण अगदी वेगळी: सोनकाव दोन भाग, सुंठ एक भाग, नागवेलीच्या पानांच्या रसाची भावना, म्हणजे त्या रसात खलणे. पारा नाही, तांबे नाही, बचनाग नाही. काव जमिनीतून येते, तेव्हा तीही तपासलेली हवी. पण घरच्या डब्यात ठेवायचेच असेल तर हे ठेवावे. दुकानदाराला नुसते ‘सूतशेखर द्या’ म्हटले तर तो कोणते हातात ठेवील याचा नेम नाही. ‘लघु’ हा शब्द डबीवर वाचूनच पैसे द्यावेत.

रसशाळांकडे मागायचे ते फार नाही. प्रत्येक खेपेचा क्रमांक डबीवर असतोच. त्या क्रमांकाखाली सुटा पारा किती, शिसे किती, आर्सेनिक किती आणि अ‍ॅकोनिटिन किती, हे चार आकडे कुणालाही पाहता येतील असे प्रसिद्ध करावेत. दह्याची परीक्षा खेपेला घेतली की नाही, तेही लिहावे. ज्यांचा खल पक्का आहे त्यांना यात लपवण्यासारखे काहीच नाही, आणि ज्यांचा कच्चा आहे त्यांची डबी बाजारात राहता कामा नये.