तांबडी माती आणि तोरीचं तेल

दसैं म्हणजे तिथला दसरा आठवड्यावर आला की नेपाळच्या मधल्या डोंगरपट्ट्यातल्या गावांत बायकांचे हात कोपरापर्यंत तांबडे दिसू लागतात. पावसाळाभर भिंतींचे पोपडे निघालेले असतात, पिंढीला म्हणजे ओटीला ओल धरलेली असते. कपाळावरच्या नाम्लोला म्हणजे पट्ट्याला पाठीवरचा डोको, म्हणजे टोपली, अडकवून बायका गावाच्या ठरलेल्या दरडीवर जातात आणि माती खणून आणतात. भिंतीच्या खालच्या भागाला तांबडी, वरच्या भागाला कमेरो नावाची पांढरी. तांबडीत शेण-पाणी कालवायचं आणि चिंधीने हात फिरवत जायचं. दुपारी माती अर्धीमुर्धी सुकते तेव्हा घराला जो वास येतो, तो परदेशी राहणाऱ्या नेपाळी माणसाकडे घराचा विषय काढला की हमखास निघतो.

सारवलेल्या अंगणात वाढलेल्या मराठी वाचकाला या वासाची ओळख करून द्यायला नको. मातीतले स्ट्रेप्टोमायसिससारखे सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं रसायन तयार करतात आणि माती भिजली की ते हवेत मिसळतं. पहिल्या पावसाचा वासही बराचसा त्याचाच. या रसायनाच्या बाबतीत माणसाचं नाक भलतंच तिखट आहे, हवेत नावापुरता अंश असला तरी ते हेरतं. नेपाळी घरात चुलीभोवतीची जमीन रोज सकाळी लिंपायची रीत होती, त्यामुळे हा वास सणापुरता येऊन जात नसे, बारा महिने मुक्कामाला असे.

माती मात्र फुकट मिळत नाही. पावसाने भुसभुशीत झालेली दरड पोखरताना ती अंगावर कोसळून बायका दगावल्याच्या बातम्या दसैं आणि तिहार या सणांच्या सुमारास नेपाळी वर्तमानपत्रांत येत असतात. घराच्या वासाबद्दल हळवं होऊन बोलणाऱ्यांच्या तोंडी ही दरड क्वचितच येते.

आत गेलं की अगेनो, म्हणजे चूल. जमिनीत खोलगट चौकोन, त्यात ओदान म्हणजे लोखंडी तिवई, तिच्यावर भांडं. धुराडं नाही. धूर आपला आपण वर चढतो, आढ्याला टांगलेल्या मक्याच्या कणसांतून आणि सुकत घातलेल्या मांसाच्या पट्ट्यांतून वाट काढतो आणि छपराच्या फटींतून बाहेर पडतो. तुळया काळ्या कुळकुळीत होतात. त्या धुराला घरात काम होतं. त्याने लाकडाची कीड आवरते, बियाणं टिकतं, सुकुटी म्हणजे ते सुकवलेलं मांस नासत नाही. असं करता करता तो आजीच्या पछ्यौरीत म्हणजे शालीत शिरतो, पांघरुणात मुरतो, शाळेच्या दप्तरातल्या वह्यांनाही लागतो. मुंबईहून, दिल्लीहून किंवा आखाती देशांतून सुट्टीवर आलेल्या मुलाला पहिल्या रात्री पांघरूण ओढलं की घरी आल्याची खात्री पटते ती या वासाने.

चुलीच्या धुराचं निव्वळ कौतुक करणाऱ्या लेखांवर माझा राग आहे. ढुङ्ग्रो म्हणजे बांबूची फुंकणी तोंडाला लावून ती आग कोणी पेटवली? ओल्या फाट्यांच्या धुराने डोळे कोणाचे चुरचुरले, म्हातारपणी दम कोणाला लागला? २०२१च्या जनगणनेत नेपाळमधली सुमारे ५१ टक्के घरं अजून सरपणावर स्वयंपाक करतात असं आढळलं, गॅसवर करणारी ४४ टक्के. शहरात गॅसवर जेवणाऱ्या मुलाला हा धूर आठवत असेल, तर तो आईच्या खोकल्यासकट आठवायला हवा.

फोडणीबद्दल मात्र कसलीही तक्रार नाही. नेपाळी स्वयंपाकघराची खरी ओळख तिथेच पटते. तेल तोरीचं, म्हणजे आपल्या मोहरीच्या सख्ख्या चुलतभावाचं. कच्च्या तेलाची नाकात जाणारी झिणझिण अॅलिल आयसोथायोसायनेट या गंधकयुक्त द्रव्यामुळे येते. तेल धूर येईपर्यंत तापवलं की झिणझिण उतरते आणि भाजल्यासारखा खमंग वास मागे राहतो. त्यात मेथीदाणे टाकतात आणि आपण घाबरून आच कमी करू त्याच्याही पुढे, पार काळे होईपर्यंत तळतात. बटाट्याच्या, मुळ्याच्या लोणच्यावर ही काळी फोडणी ओततात तेव्हा शेजारच्या घरालाही कळतं. काठमांडूजवळचं खोकना हे नेवार गाव या तेलाच्या घाण्यासाठी पूर्वीपासून नावाजलेलं आहे.

पण तोरीच्या तेलाची आठवण स्वयंपाकघराच्याही आधीची असते. थंडीत उन्हाला बसून बाळाला याच तेलाने, त्यात मेथी नाहीतर ओवा तडतडवून, चोळचोळ चोळतात. सुतकेरी म्हणजे बाळंतीण ओव्याचं कढण पीत असते. नेपाळी मूल जगात येतं ते तेल, ओवा आणि मेथी यांच्या वासातच, आणि त्याबाबतीत मराठी मुलापेक्षा ते फारसं वेगळं नाही.

काळ्या डाळीची फोडणी निराळी. सालासकटचे उडीद लोखंडी कढईत शिजून काळपट-जांभळे झालेले असतात. डाडूत, म्हणजे डावात, तूप कडकडीत करायचं आणि चिमूटभर जिम्बू सोडायचं. जिम्बू ही कांद्या-लसणाच्या कुळातली वनस्पती मुस्ताङ, डोल्पा या उंच कोरड्या मुलखात रानात उगवते. पावसाळ्यात तिची पात खुडून सावलीत वाळवतात. वाळलेलं जिम्बू हातात घेतलं तर गवताच्या काड्यांसारखं निर्जीव वाटतं, वासही बेताचाच. तुपात पडलं की क्षणात काळवंडतं आणि लसूण, कांद्याची पात, किंचित जळकं असं काहीतरी एकदम नाकाशी येतं. मग तो डावच सगळा डाळीत बुडवायचा. चर्र आवाज होतो आणि वरून झाकण पडतं. त्या झाकणाखालचा वास बाकीच्या डाळींना नाही.

तिसरा मसाला टिमुर, आणि इथे कोकणाशी खरी सोयरीक जुळते. आपलं तिरफळ आणि नेपाळचं टिमुर ही एकाच झँथॉक्झायलम प्रजातीतली दोन झाडं. दोघांचंही काळं बी टाकून द्यायचं आणि टरफल वापरायचं, दोघांनाही लिंबाच्या सालीसारखा वास, दोघांनीही जीभ बधिर होऊन मुंग्या येतात. फरक वापराचा. आपण तिरफळ बांगड्याच्या तिखल्यात किंवा उडदमेथीत टाकतो. नेपाळी डोंगरात टिमुर, मिरची आणि मीठ सिलौटोवर, म्हणजे पाट्यावर, वाटून त्याचा छोप करतात आणि तो उकडलेल्या बटाट्याशी नाहीतर पेरूला लावून खातात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आंबा बागायतींत राखणीला आणि तोडणीला नेपाळी कामगार असतात, हे तिथल्या लोकांना ठाऊक आहेच. बांगड्याच्या कालवणाचा वास आला की हे कामगार मासळीआधी तिरफळ ओळखतात, यात नवल नाही.

आता गुन्द्रुक. हा वास परक्याला सहजी आवडत नाही, मलाही लगेच आवडला नव्हता. रायोचा पाला, म्हणजे मोहरीच्या जातीची रुंद पानं, हिवाळ्याच्या तोंडाला मळ्यात मावेनासा होतो. मुळ्याचा पालाही असतो. पानं एक-दोन दिवस उन्हात मलूल करायची, उखळात हलकी चेचायची आणि मातीच्या मडक्यात दांड्याने ठासून भरायची. ठासण्यावरच सारं आहे, आत हवा राहिली तर बुरशी येते. तोंड बंद करून मडकं उबेला ठेवलं की पानांवरचे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू कामाला लागतात आणि आठवडा-दहा दिवसांत पाला आंबतो. मडकं उघडलं की आंबूस, ओल्या गवताचा आणि किंचित मांसल असा उग्र भपकारा येतो. मग हा पाला चटयांवर, छपरावर, जिथे ऊन मिळेल तिथे पसरतात. त्या दिवसांत अख्ख्या वाडीला एकच वास असतो. वाळलेलं गुन्द्रुक वर्षभर टिकतं आणि हिरवी भाजी नसेल तेव्हा ढिँडोबरोबर, म्हणजे मक्याच्या किंवा नाचणीच्या उकडीबरोबर, त्याचं आंबट कढण होतं. मुळ्याचे कंद खड्ड्यात आंबवून सिन्की करतात, तिचा वास तर याहून जबर. दोहाला निघालेल्या मुलाच्या बॅगेत आई गुन्द्रुकाची पुडी हटकून कोंबते आणि तिथल्या खोलीत ती सोडली की भिंतीपलीकडचे गाववाले विचारत येतात.

वासाने आठवण इतक्या थेट का येते, याचं उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. डोळे-कानांकडून आलेला संदेश आधी थॅलॅमस या मधल्या चौकीवर जातो. नाकाचा संदेश या चौकीत न थांबता भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांकडे पोचतो. नाकात गंध टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. त्यांच्या जनुकांचा शोध लावणारे रिचर्ड अॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल मिळालं. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो विलँडर आणि लार्सन या स्वीडिश संशोधकांचा २००६ मधला अभ्यास. त्यांनी वृद्धांना शब्द, चित्रं आणि वास देऊन आठवणी विचारल्या. शब्द-चित्रांनी जाग्या झालेल्या आठवणी मुख्यतः तारुण्याच्या उंबरठ्यावरच्या होत्या, वासाने आलेल्या आठवणी आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांतल्या. म्हणजे पंचविसाव्या वर्षी देश सोडलेल्या माणसालाही वास नेतो तो पाचव्या-सहाव्या वर्षीच्या घरात.

ते घर नेपाळमध्ये एकसारखं नाही, हेही सांगायला हवं. आतापर्यंत लिहिलं ते बरंचसं पहाडी घराबद्दल, आणि नेपाळच्या आठवणी लिहिणारे बहुतेक इथेच थांबतात. पण निम्म्याहून अधिक नेपाळी आज तराईच्या सपाटीवर राहतात. तिथल्या मैथिली किंवा भोजपुरी घरातल्या मुलाच्या नाकात गोवऱ्यांचा धूर, आंब्याचा मोहर आणि छठसाठी तुपात तळला जाणारा ठेकुआ असतो. थारू घरात वाफवलेल्या तांदळाच्या ढिक्रीचा वास. उत्तरेला शेर्पा आणि तामाङ घरांत सकाळी जुनिपरची हिरवी डहाळी निखाऱ्यावर पडते, जोडीला सुनपातीची पानं. काठमांडूच्या नेवार घरात छोएलासाठी गवताच्या जाळावर भाजलेलं म्हशीचं मांस, देवघरात लोकता कागदात जडीबुटी गुंडाळून वळलेली धुपाची दोरी, आणि म्हःपूजेच्या, म्हणजे स्वतःच्या देहाच्या पूजेच्या, रात्री जमिनीवरच्या मंडलाशी तेलात भिजलेल्या लांब वाती आणि उंचावरून ओतलेली ऐला, म्हणजे घरची दारू.

या सगळ्यांना बहुतांशी जोडणारा सण तिहार, म्हणजे त्यांची दिवाळी. पाच दिवस: पहिला कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा, मग गाय आणि लक्ष्मी, मग बैल आणि गोवर्धन, शेवटी भाइटीका. भिजवून दळलेल्या तांदळाच्या पिठात तूप, साखर, वेलची घालून हाताने धार सोडत कढईत कडं काढतात आणि सुइरो नावाच्या काडीने उलटतात, ती सेलरोटी. लक्ष्मीपूजेला अंगणापासून देवघरापर्यंत तांबड्या मातीची वाट सारवतात आणि तिच्यावर लक्ष्मीची पावलं उमटवतात. दारावर सयपत्री, म्हणजे झेंडू. भाइटीकेला बहीण दूर्वेने पाणी आणि तेल शिंपडत भावाभोवती रिंगण घालते, उंबऱ्यावर अक्रोड फोडते, सात रंगांचा टिळा लावते आणि गळ्यात सहसा न कोमेजणाऱ्या मखमलीची माळ घालते. तोरीचं तेल, झेंडू आणि तळणीचा एकत्रित वास म्हणजे बहिणीचं घर.

ज्या भिंतींना हे वास चिकटले होते त्यातल्या असंख्य आता उभ्या नाहीत. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसं गेली आणि जवळपास पाच लाख घरं कोसळली, त्यातली बहुतेक मातीत दगड-विटा रचून बांधलेली. पुनर्बांधणीला सरकारने तीन लाख नेपाळी रुपये दिले, त्यात बसेल असं एक-दोन खोल्यांचं घर पुष्कळांनी उभं केलं. सिमेंटला लिंपण लागत नाही, बायकांची दरडीवरची खेप वाचते, भूकंपात ते जास्त तग धरतं. वास गेला याचं दुःख करताना ही बाजू विसरून चालणार नाही. भूकंपाच्याच वर्षी सप्टेंबरपासून भारताच्या सीमेवर नाकेबंदी झाली, गॅस सिलिंडर मिळेनासे झाले आणि काठमांडूतल्या गच्च्यांवर विटांच्या चुली पेटल्या. त्या हिवाळ्यात शहराला पुन्हा गावाचा वास आला, पण तो कोणी प्रेमाने आठवत नाही.

२०२१च्या जनगणनेप्रमाणे सुमारे २२ लाख नेपाळी देशाबाहेर आहेत, त्यातले बरेच आपल्याकडे. सोसायटीच्या फाटकावर, हॉटेलच्या भटारखान्यात, हापूसच्या बागेत आपण त्यांना रोज पाहतो, आणि आपल्या दिवाळीत ते बहुधा कामावर असतात. भाइटीका आपल्या भाऊबीजेच्याच तिथीला येते. या वर्षी त्या दिवशी त्यांना सुट्टी द्या, आणि तीही पगारी.