समर्पणाच्या दोन संहिता : नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई

ख्रिस्ती धर्मविचारात ईश्वराला वाहिलेल्या जीवनाची कल्पना प्रारंभापासून दोन अंगांनी वाढत आलेली दिसते. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने श्रद्धावंतांना स्वतःची शरीरेच जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करावयास सांगितले आहे. तेथे उपासनेसाठी आलेला 'लात्रेया' हा ग्रीक शब्द सेवा आणि पूजा असे दोन्ही अर्थ धारण करतो. म्हणजे मंदिरातील कर्म आणि दैनंदिन जगणे यांतील भेद त्या शब्दातच पुसला गेला आहे. पुढे मात्र या एका आज्ञेचे दोन आचार झाले. रोमन कॅथलिक परंपरेत दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन मठात किंवा संघात राहणाऱ्यांचे जीवन 'समर्पित जीवन' या विशेष नावाने ओळखले जाऊ लागले. प्रॉटेस्टंट परंपरेने व्रतस्थतेचे हे विशेष स्थान नाकारले आणि प्रत्येकाचा प्रपंच, प्रत्येकाचा व्यवसाय हेच समर्पणाचे क्षेत्र मानले. महाराष्ट्रात १८१३ मध्ये मुंबईस आणि १८३१ मध्ये अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) कार्य सुरू करणारे अमेरिकन मराठी मिशन या दुसऱ्या परंपरेतले होते. नारायण वामन टिळकांच्या धर्मजीवनातील पेच समजून घेताना हा तपशील दृष्टीआड करून चालत नाही.

टिळकांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नव्या कराराची प्रत दिली, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी त्यांचे मन थबकले, ही हकीकत सर्वपरिचित आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चरित्रकारांचा कल स्वाभाविकपणे या दिवसाला केंद्रस्थानी ठेवण्याकडे असतो. परंतु बाप्तिस्मा हा धर्मप्रवेश आहे, समर्पण नव्हे, हा भेद त्या काळातील विचारी ख्रिस्ती व्यक्तींनीच केलेला आढळतो. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत, ख्रिस्ती धर्म आपण आधी स्वीकारला आणि ख्रिस्त मात्र बऱ्याच उशिरा गवसला, अशा आशयाची कबुली दिली आहे. टिळकांच्या बाबतीत हा कालावधी अधिकच लांबला. १८९५ ते १९१७ ही बावीस वर्षे म्हणजे एका अर्थी त्यांच्या समर्पणाचा दीर्घ शोध होय.

या वर्षांत ते मिशनचे कार्यकर्ते होते, १९०४ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली, 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले. वरवर पाहता त्यांचे सगळे आयुष्य ईश्वरकार्याला वाहिलेले होते. तरीही एक सल उरला होता. मराठी मनाला ईश्वराची सेवा आणि वेतन ही दोन पदे शेजारी ठेवलेली चालत नाहीत. कीर्तनकाराला बिदागी मिळते, पण ती श्रोत्यांची कृतज्ञता असते, दरमहाचा पगार नव्हे. परदेशातून आलेल्या पैशावर पोसलेला उपदेशक कितीही निःस्वार्थी असला तरी ऐकणाऱ्याच्या नजरेत तो नोकरच ठरतो, ही जाणीव टिळकांना अस्वस्थ करणारी होती. येथे केवळ स्वाभिमानाचा प्रश्न नाही. समर्पणाची ओळख पटण्यासाठी ते ज्या समाजासमोर घडते त्या समाजाच्या संकेतांत ते वाचता आले पाहिजे, असा हा मूलतः भाषेचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला कवी टिळकांनी दिलेले उत्तर उपदेशक टिळकांच्या उत्तराच्या आधी आले. 'अभंगांजली'तील रचनांत ख्रिस्त हा 'माउली' आहे, गुरू आहे, सखा आहे. थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले, तेव्हा सुमारे अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथात मराठी पुराणाचा घाट ख्रिस्तकथेसाठी वापरला गेला होता. तेथे वक्ता श्रोत्यांना कथा सांगतो. टिळकांनी ओवीऐवजी अभंगाचा आश्रय घेतला आणि संबोधनाची दिशाच बदलली. अभंगातला भक्त देवाशी बोलतो, त्याच्याशी भांडतो, स्वतःला नावे ठेवतो, आणि शेवटी स्वतःच्या नावाची मुद्रा लावून त्या बोलण्याची जबाबदारी स्वीकारतो. ज्ञानदेव-तुकारामांच्या वाचनावर पोसलेल्या या कवीला शरणागतीचा शब्दसंग्रह नव्याने घडवावा लागला नाही. तो वारशाने आला होता. फक्त त्या शब्दांना क्रुसाचा संदर्भ मिळाल्याने त्यांच्या अर्थच्छटा बदलल्या. वारकऱ्याच्या आर्ततेत देव भेटत नाही याचे दुःख प्रधान असते. टिळकांच्या आर्ततेत देवाने आपल्यासाठी आधीच सोसले आहे, या ऋणाचा भार अधिक जाणवतो. 'उपासना संगीता'च्या द्वारे त्यांची पदे मराठी चर्चमधील सामुदायिक उपासनेचा भाग झाली. अभ्यासकांनी मात्र 'फुलामुलांचे कवी' या लाडक्या बिरुदाखाली त्यांच्या काव्याचे हे अंग बराच काळ झाकून ठेवले.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यास बिऱ्हाड हलविले आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात एकत्र यावेत अशी ही बंधुत्वाची कल्पना होती. स्वतःच्या चर्चपरंपरेत संन्यासाचा नमुना उपलब्ध नसल्याने त्यांनी तो देशी परंपरेकडून घेतला, असे सामान्यतः म्हटले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. ज्या संतांकडे ते पाहत होते त्यांतील एकनाथ आणि तुकाराम गृहस्थ होते. टिळकही पत्नी आणि मुले असलेले गृहस्थच राहिले. तेव्हा त्यांचा आदर्श संन्याशाचा नसून, प्रपंचात राहून प्रपंचाची पर्वा सोडलेल्या संताचा होता, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. आणि या आदर्शात एक अडचण आहे. अशा संताचा प्रपंच कोणी तरी चालवावाच लागतो.

कर्जखते इंद्रायणीत सोडणाऱ्या तुकोबांची कथा मराठी माणसाला प्रिय आहे. त्या दिवशी घरात काय शिजले हे जिजाईच्या शब्दांत कोठेही नोंदलेले नाही. परंपरेने तिला कजाग ठरविले आणि तिचे बोलणे इतरांच्या लेखणीतून ऐकविले. टिळकांच्या घरातील जिजाईने मात्र स्वतःची संहिता मागे ठेवली. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रांत त्याचे स्थान निर्विवाद आहे, आणि त्यातील निर्मळ विनोदाविषयी, बोलीच्या सहजतेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ख्रिस्ती समर्पणाच्या विचारासाठी त्याचे महत्त्व वेगळे आहे. टिळकांचे अचानक घरातून निघून जाणे, हाती आलेला पैसा कोणा गरजूला देऊन टाकणे, येईल त्या पाहुण्याला घरात ठेवून घेणे (बालकवी ठोंबरे हे त्यांतलेच) हे सारे अभंगाच्या बाजूने पाहिले तर निर्मोहीपणा आहे. स्वयंपाकघराच्या बाजूने पाहिले तर तीच गोष्ट उद्याच्या धान्याची विवंचना होते. लक्ष्मीबाई टिळकांचा दोष सांगत नाहीत. त्या केवळ प्रसंग सांगतात. तरीही त्यागाची किंमत नेमकी कोणाच्या खात्यावर पडत होती, हे वाचकाला कळल्याशिवाय राहत नाही.

तथापि लक्ष्मीबाईंना केवळ सोसणारी स्त्री मानणे हाही त्यांच्यावर अन्यायच होईल. पतीच्या धर्मांतरानंतर त्या सुमारे पाच वर्षे माहेरच्या माणसांत, पंढरपूर-नाशिककडे राहिल्या. परत आल्यानंतरही त्यांनी सोवळे-ओवळे लगेच सोडले नाही. टिळकांनी त्यासाठी बळजबरी केली नाही, ही गोष्ट दोघांनाही भूषणावह आहे. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो पतीच्या आग्रहास्तव नव्हे. जातिभेद देवाने निर्माण केलेला नसून माणसाने केला आहे, हा निष्कर्ष त्यांनी स्वतः काढला आणि प्रथम हाताने अंमलात आणला, म्हणजे पाणी आणि अन्न यांविषयीची बंधने तोडली. टिळक ग्रंथातून ख्रिस्ताकडे गेले, लक्ष्मीबाई पाण्याच्या भांड्यातून गेल्या. पौलाच्या पत्रातील शरीराच्या अर्पणाचा अर्थ या दुसऱ्या मार्गात अधिक शब्दशः उतरला आहे, असे कोणी म्हटल्यास त्याचे खंडन करणे सोपे नाही. पुढे प्लेगच्या दिवसांत नगरला रोग्यांची शुश्रूषा करताना आणि अनाथ मुलांना पोटाशी धरताना त्यांच्या सेवेला कोणतेही पद किंवा दीक्षा नव्हती.

९ मे १९१९ रोजी टिळकांचा मुंबईत अंत झाला. दरबाराला दोन वर्षेही पुरती मिळाली नाहीत आणि संस्थापकामागे तो टिकला नाही. त्याच वाटेने जाऊ पाहणारे प्रयत्न मात्र थांबले नाहीत. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणाऱ्या जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला, त्यात व्रतस्थ जीवन आणि भारतीय आश्रमपद्धती यांची सांगड होती.

टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांपाशी थांबले होते. ख्रिस्तचरित्राचा बहुतांश भाग अजून सांगावयाचा होता. औपचारिक शिक्षणाचा गंध नसलेल्या आणि लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाईंनी ते काम हाती घेतले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. काव्यगुणांच्या दृष्टीने दोघांच्या भागांची तुलना करण्याचा मोह टीकाकारांना होतो आणि निकाल बहुधा टिळकांच्या बाजूने लागतो. त्या तुलनेत एक गोष्ट निसटते. टिळकांच्या अध्यायांमागे ज्ञानेश्वरीचा अभ्यास आहे, संस्कृत काव्याचे संस्कार आहेत. लक्ष्मीबाईंच्या अध्यायांतील मरिया आणि मार्था, विहिरीवरची शोमरोनी स्त्री, भाकरींचा हिशेब करणारे शिष्य ही माणसे मात्र त्यांच्या ओळखीची होती. मार्थेने केलेली तक्रार त्यांनी अनेक वर्षे स्वतःच्या घरात केली होती. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या. 'ख्रिस्तायन' ग्रंथरूपाने १९३८ मध्ये त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी प्रसिद्धीस आणले.